ब्लूज-रॉकचे फिरते साथीदार : १९६९ ते १९७१

१९६९ ते १९७१ या काळात ब्लूज-रॉक संगीतातले जे दौरे आणि अल्बम गाजले, त्यांपैकी अनेकांमागे वादक-गायकांचा एकच ताफा होता. ‘डिलेनी अँड बॉनी अँड फ्रेंड्स’, जो कॉकरचा ‘मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन’, एरिक क्लॅप्टनचा ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ अशी जाहिरातींवरची नावे बदलत गेली. माणसे मात्र बरीचशी तीच राहिली: बेस गिटारवर कार्ल रेडल, ड्रमवर जिम गॉर्डन किंवा जिम केल्टनर, ऑर्गनवर बॉबी व्हिटलॉक, सॅक्सोफोनवर बॉबी कीज, ट्रम्पेटवर जिम प्राइस आणि साथीच्या गायनाला रिटा कूलिज. जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’, रोलिंग स्टोन्सचा ‘स्टिकी फिंगर्स’ आणि न्यूयॉर्कमधला बांगलादेश निर्वासितांसाठीचा कार्यक्रम या सगळ्यांत याच मंडळींपैकी कोणी ना कोणी वाजवत होते. त्या अडीच वर्षांचा इतिहास बड्या नावांवरून सांगितला जातो. साथीदारांच्या बाजूने पाहिले, तर वेगवेगळे वाटणारे हे अल्बम एकाच फिरत्या संचाची कामगिरी असल्याचे दिसते.

एकत्र वाजवण्याची सोय

अनोळखी वादकांना तासाभरात एकत्र वाजवता येते, याचे कारण ब्लूजच्या रचनेत आहे. ब्लूजचा रूढ साचा बारा बारचा असतो आणि प्रत्येक बार चार मात्रांचा. पहिले चार बार षड्जावर उभ्या असलेल्या स्वरसंघाचे, पुढचे दोन मध्यमावरच्या स्वरसंघाचे, मग दोन पुन्हा षड्जाचे. त्यानंतर एक पंचमाचा, एक मध्यमाचा आणि शेवटचे दोन परत षड्जाचे. हे आवर्तन सतत फिरत राहते. पट्टी आणि लय ठरली की गिटारवादकाने केव्हा भरायचे, गायकाने केव्हा थांबायचे आणि सॅक्सोफोनने कुठे शिरायचे, हे कोणाला सांगावे लागत नाही. त्यात कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची सवाल-जवाबाची पद्धत मिसळली की मुख्य गायक, साथगायिका आणि वाद्ये यांच्यात रंगमंचावर आयत्या वेळी देवघेव सुरू होऊ शकते. या काळातल्या दौऱ्यांत पाहुणे वादक ऐनवेळी सामील होत, ते या सामाईक व्याकरणाच्या बळावर.

हे व्याकरण इंग्लंडच्या तरुणांपर्यंत पोहोचले तेही दौऱ्यांमधूनच. १९५८ मध्ये जॅझवादक ख्रिस बार्बरच्या निमंत्रणावरून शिकागोचा मडी वॉटर्स इंग्लंडमध्ये आला. १९६२ पासून होर्स्ट लिपमन आणि फ्रिट्झ राउ या दोन जर्मन आयोजकांनी ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’ या नावाने कृष्णवर्णीय ब्लूज कलाकारांचे युरोप दौरे घडवले. १९६३ मध्ये सनी बॉय विल्यम्सन इंग्लंडमध्ये राहिला, तेव्हा त्याच्या साथीला ‘यार्डबर्ड्स’ हा नवखा संच होता आणि त्यात अठरा वर्षांचा एरिक क्लॅप्टन गिटार वाजवत होता. पुढे जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’मध्ये आणि ‘क्रीम’मध्ये क्लॅप्टनचे नाव झाले. १९६९ पर्यंत तो इंग्लंडचा सर्वांत बोलबाला असलेला गिटारवादक झाला होता आणि लांबलचक एकल वादनाच्या त्या प्रसिद्धीला कंटाळलाही होता.

टल्सा, मेम्फिस आणि लॉस एंजेलिस

ताफ्यातले बरेच वादक अमेरिकेच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य भागातून आले होते. लिऑन रसेल, कार्ल रेडल, जिम केल्टनर, चक ब्लॅकवेल आणि गीतकार-गिटारवादक जे. जे. केल ही ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराची मंडळी. टल्साच्या क्लबांमध्ये ब्लूज, कंट्री आणि रॉक अँड रोल एकाच रात्री वाजवावे लागे. त्यातून मोकळा, किंचित मागे रेंगाळणारा ठेका तयार झाला. बॉबी कीज टेक्सासमधल्या स्लेटनचा, बॉबी व्हिटलॉक मेम्फिसचा आणि रिटा कूलिज टेनेसीची. साठच्या दशकात ही मंडळी एकामागून एक लॉस एंजेलिसला गेली. तिथे ध्वनिमुद्रणाचा उद्योग मोठा होता आणि वाचून वाजवणाऱ्या, तत्पर वादकांना रोज काम मिळत असे. लिऑन रसेल आणि जिम गॉर्डन हे तिथल्या स्टुडिओंमधले नेहमीचे वादक होते. श्रोत्यांना त्यांची नावे ठाऊक नव्हती, पण रेडिओवर त्यांचे वादन रोज वाजत होते.

मिसिसिपीत जन्मलेला डिलेनी ब्रॅम्लेट लॉस एंजेलिसमध्ये ‘शिंडिग’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या संचात गिटार वाजवत असे. बॉनी ओफॅरेल सेंट लुईस शहरालगतच्या इलिनॉयमधल्या भागात वाढली. किशोरवयातच ती तिथल्या क्लबांत अल्बर्ट किंग आणि लिटल मिल्टन या ब्लूज गायकांच्या साथीला गात होती आणि आइक व टीना टर्नर यांच्या साथगायिकांमध्येही काही दिवस होती. १९६७ मध्ये ती लॉस एंजेलिसला आली, डिलेनीशी ओळख झाली आणि थोड्याच दिवसांत दोघांनी लग्न केले. मेम्फिसच्या ‘स्टॅक्स’ या सोल संगीताच्या कंपनीने करार केलेल्या पहिल्या काही गोऱ्या गायकांमध्ये ही जोडी होती. डॉन निक्स आणि डोनाल्ड ‘डक’ डन यांच्या देखरेखीखाली तिथे त्यांनी ‘होम’ हा अल्बम केला. १९६९ मध्ये इलेक्ट्रा कंपनीने त्यांचा ‘अॅक्सेप्ट नो सबस्टिट्यूट’ काढला. दोन्ही अल्बमची विक्री बेताचीच झाली, पण वादकांच्या वर्तुळात या संचाचे नाव झाले.

संचाच्या नावातच ‘आणि मित्र’ असे होते आणि व्यवस्थाही तशीच सैल होती. डिलेनी आणि बॉनी मध्यभागी; बाकीचे येत, वाजवत, दुसरे काम आले की जात आणि सवड झाली की परत येत. या सैलपणामुळे चांगले वादक मिळाले आणि पुढे याच सैलपणामुळे ते गेलेही.

ब्लाइंड फेथच्या आधीचा अर्धा तास

१९६९ च्या उन्हाळ्यात क्लॅप्टन ‘ब्लाइंड फेथ’ या नव्या संचात होता. स्टीव्ह विनवूड, जिंजर बेकर आणि रिक ग्रेच हे त्याचे सहकारी. ७ जून रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे एक लाख लोकांसमोर त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि १२ जुलैला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनपासून अमेरिकेचा दौरा सुरू झाला. मुख्य संचाच्या आधी वाजवणाऱ्यांत डिलेनी अँड बॉनी होते.

त्या काळच्या दौऱ्यांमध्ये आधी वाजवणाऱ्या संचाला थोडा वेळ, कमी उजेड आणि अर्धवट भरलेले सभागृह मिळे. क्लॅप्टन मात्र रोज बाजूला उभा राहून त्यांचे वादन ऐकू लागला. आपल्या संचात ताण आहे आणि या दहा-बारा जणांच्या संचात मजा आहे, हे त्याला जाणवले. तो ब्लाइंड फेथची साथ सोडून डिलेनी-बॉनीच्या बसमधून प्रवास करू लागला. बसमध्ये गिटार हाताहातांतून फिरत आणि जुनी गॉस्पेल गाणी चालत. तू गायलेच पाहिजेस, असा आग्रह डिलेनीने त्याच्याकडे धरला. तोवर गाण्याबाबत संकोची असलेला क्लॅप्टन पुढे गायक म्हणून उभा राहिला, त्याचे श्रेय त्याने स्वतः डिलेनीला दिले आहे. २४ ऑगस्टला हवाई बेटांवर दौरा संपला आणि त्यासोबत ब्लाइंड फेथही.

डिसेंबर १९६९ : युरोपचा दौरा

नोव्हेंबरमध्ये क्लॅप्टनने अख्खा संच इंग्लंडला बोलावला. सरे परगण्यातल्या त्याच्या ‘हर्टवुड एज’ या घरी सगळे उतरले आणि तालमीही तिथेच झाल्या. दौऱ्याची सुरुवात जर्मनीत झाली. जाहिरातींत क्लॅप्टनचे नाव ठळक असल्यामुळे लोक त्याला ऐकायला आले होते. प्रत्यक्षात तो मागच्या रांगेत साथीला उभा होता आणि पुढे एक अनोळखी जोडपे गात होते. काही ठिकाणी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. प्रसिद्ध माणसाने स्वतःहून साथीदाराची जागा घ्यावी, हे तिकीट काढून आलेल्यांच्या पचनी पडले नाही.

१ डिसेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मात्र कार्यक्रम रंगला. श्रोत्यांमध्ये जॉर्ज हॅरिसन होता. ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी दौरे थांबवल्यापासून तो कोणत्याही दौऱ्यावर गेलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ब्रिस्टलला निघालेली बस एशर गावातल्या त्याच्या घरासमोर थांबली आणि तो गिटार घेऊन चढला. त्याच्या नावाची घोषणा कुठेही होत नसे. रंगमंचाच्या मागच्या बाजूला उभा राहून तो साथ करी. गिटारवादक डेव्ह मेसनने ‘कमिंग होम’ या गाण्यात स्लाइड गिटारचा एक तुकडा वाजवला होता. दौऱ्यावर तो तुकडा वाजवण्याचे काम डिलेनीने हॅरिसनवर सोपवले.

स्लाइड वाजवताना बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवरून सरकवतात. पडद्यांच्या मधले स्वर त्यामुळे मिळतात आणि मींड सलग येते. पूर्वी दक्षिणेतले ब्लूजवादक त्यासाठी बाटलीची मान वापरत. हॅरिसनने या तंत्राचा पुढे ध्यास घेतला. वर्षभराने आलेल्या त्याच्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये स्लाइडची जी संथ, रेखीव धून ऐकू येते, तिची सुरुवात या बसच्या दौऱ्यात आहे.

ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, शेफील्ड, न्यूकॅसल, लिव्हरपूल असे करत ७ डिसेंबरला क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समध्ये इंग्लंडचा टप्पा संपला आणि मग सगळे कोपनहेगनला गेले. परतल्यावर १५ डिसेंबरला लंडनच्या लायसियममध्ये युनिसेफच्या मदतीसाठी जॉन लेनन आणि योको ओनो यांनी केलेल्या कार्यक्रमात हाच संच त्यांच्या मागे उभा राहिला. क्रॉयडनच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मार्च १९७० मध्ये ‘ऑन टूर विथ एरिक क्लॅप्टन’ या नावाने निघाले. त्यात आठच तुकडे आहेत. वादन नीटनेटके नाही. पण दोन गायक, साथगायिका, सॅक्सोफोन-ट्रम्पेटची जोडी आणि तीन-तीन गिटार एकमेकांना जागा देत पुढे जातात. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम २९ व्या क्रमांकापर्यंत गेला. डिलेनी-बॉनीला त्यांच्या कोणत्याही अल्बमने एवढे यश दिले नाही, आणि त्याच्या मुखपृष्ठावर क्लॅप्टनचे नाव होते.

त्याच सुमारास डिलेनीने क्लॅप्टनचा पहिला स्वतंत्र अल्बम तयार करून दिला. त्यात वाजवणारे वादक जवळजवळ सगळे याच संचाचे. जे. जे. केलचे ‘आफ्टर मिडनाइट’ हे गाणे त्यात आले आणि टल्साबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसलेला केल त्यामुळे उजेडात आला.

मॅड डॉग्ज : आठ दिवसांत उभा केलेला संच

१९७० च्या सुरुवातीला पैशांवरून संच फुटला. दौऱ्यांत गर्दी होती, पण वादकांच्या वाट्याला येणारी बिदागी वाढत नव्हती. तमाशाच्या फडात नाव फडमालकाचे असते आणि मालकाशी बिनसले की ढोलकीवाला आणि सोंगाड्या दुसऱ्या फडाची वाट धरतात. इथेही तेच घडले. नव्या फडाचे निमित्त ठरला जो कॉकर.

शेफील्डचा कॉकर पूर्वी गॅसजोडणीचे काम करी. बीटल्सचे ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ त्याने आपल्या ढंगात गायले आणि १९६८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ऑगस्ट १९६९ मधल्या वुडस्टॉक महोत्सवाने त्याला अमेरिकेत नाव दिले. ११ मार्च १९७० रोजी तो विश्रांतीसाठी लॉस एंजेलिसला उतरला, तेव्हा त्याच्याकडे संच नव्हता. तिथे त्याला कळले, की त्याच्या नावावर अमेरिकेचा मोठा दौरा ठरलेला आहे, तो आठवड्याभरात सुरू होणार आहे आणि मोडला तर पुन्हा अमेरिकेत काम मिळणे अवघड होईल.

त्याचा निर्माता डेनी कॉर्डेल लिऑन रसेलकडे गेला. रसेलने डिलेनी-बॉनीपासून मोकळ्या झालेल्या वादकांना फोन केले. रेडल, गॉर्डन, केल्टनर, कीज, प्राइस आणि कूलिज आले. टल्साहून ब्लॅकवेल आला. कॉकरच्या जुन्या संचातला ख्रिस स्टेन्टन होताच. गिटारवर डॉन प्रेस्टन. साथगायकांचा दहाएक जणांचा वृंद जमला आणि त्यात टीना टर्नरच्या साथीला गायलेली क्लॉडिया लेनिअरही होती. ए अँड एम कंपनीच्या आवारात आठवडाभर रोज दहा-दहा, बारा-बारा तास तालीम झाली. तालमीतच ‘द लेटर’ हे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि ते अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत पोहोचले.

२० मार्चला डेट्रॉइटमध्ये पहिला कार्यक्रम झाला. कुटुंबीय, मुले, मित्र आणि चित्रीकरण करणारे धरून चाळीसच्या वर माणसे भाड्याच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानातून शहरामागून शहर हिंडली. २७ आणि २८ मार्चला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये ध्वनिमुद्रण झाले. १६ मे रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला दौरा संपला, तोवर जेमतेम दोन महिन्यांत पन्नासच्या आसपास कार्यक्रम झाले होते.

इतक्या माणसांचा आवाज सांभाळण्याची रसेलची पद्धत चर्चमधल्या गायनवृंदाची होती. दोन ड्रमर एकाच वेळी वाजवत, पण एक ठेका धरी आणि दुसरा भरणा करी. पियानोवर रसेल इशारे देई: हात वर गेला की वाद्ये थांबत आणि नुसता वृंद गात राही; हात खाली आला की सगळे एकदम परतत. कॉकर मधोमध डोळे मिटून हातवारे करत गाई. प्रेक्षकांचे लक्ष हळूहळू उंच टोपी घातलेल्या रसेलकडेही जाऊ लागले आणि दौरा नेमका कोणाचा, अशी कुजबुज संचात सुरू झाली. ऑगस्टमध्ये आलेला दुहेरी अल्बम बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. रसेलची स्वतंत्र कारकीर्द त्यानेच उभी केली. कॉकर मात्र थकून शेफील्डला परतला. एवढ्या मोठ्या ताफ्याचा खर्च वजा जाता त्याच्या हाती फारसे काही उरले नाही आणि पुढचा बराच काळ तो रंगमंचापासून दूर राहिला.

या दौऱ्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. बाहेरून मोठ्या एकत्र कुटुंबासारखे दिसणाऱ्या या ताफ्यात मद्य आणि अमली पदार्थ मुबलक होते. दौऱ्यात जिम गॉर्डनने आपल्याला मारहाण केली, असे रिटा कूलिजने २०१६ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. गॉर्डनला स्किझोफ्रेनिया होता, पण त्याचे निदान फार उशिरा झाले. १९८३ मध्ये त्याने आपल्या आईची हत्या केली आणि २०२३ मध्ये तुरुंगात असतानाच तो मरण पावला.

कॅनडाची आगगाडी

डिलेनी आणि बॉनी यांनी नवे वादक जमवून काम चालू ठेवले. १९७० च्या जून-जुलैमध्ये ‘फेस्टिव्हल एक्स्प्रेस’ या दौऱ्यात ते होते. जॅनिस जॉप्लिन, ग्रेटफुल डेड, द बँड आणि शिकागोचा ब्लूज गिटारवादक बडी गाय हेही त्याच गाडीत. टोरोंटो, विनिपेग आणि कॅल्गरी अशा तीन शहरांत कार्यक्रम होते आणि मधला प्रवास खास आगगाडीने. डब्यांत अॅम्प्लिफायर आणि ड्रम मांडून ठेवलेले असल्यामुळे रात्रंदिवस वादन चाले. वाटेत दारू संपली, तेव्हा सॅस्कॅटूनला गाडी थांबवून वर्गणी काढण्यात आली आणि जवळच्या दुकानातला बराच माल उचलला गेला. तिकिटांच्या दरांविरुद्ध टोरोंटोत निदर्शने झाली आणि आयोजकांना मोठा तोटा झाला. चित्रीकरण वर्षानुवर्षे पडून राहिले. त्याचा माहितीपट २००३ मध्ये आला.

मुक्कामी, कार्यक्रमानंतर मोटेलच्या खोल्यांत होणाऱ्या अशाच वादनाच्या कल्पनेवर डिलेनी-बॉनीचा १९७१ चा ‘मोटेल शॉट’ बेतलेला आहे. त्यातली वाद्ये बहुतांशी विजेशिवायची. ‘नेव्हर एंडिंग साँग ऑफ लव्ह’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे त्याच अल्बममधले.

डॉमिनोज आणि ‘लेला’

बॉबी व्हिटलॉक मॅड डॉग्जमध्ये गेला नव्हता. १९७० च्या वसंतात तो इंग्लंडला क्लॅप्टनकडे गेला आणि दौरा संपल्यावर रेडल व गॉर्डन तिथे पोहोचले. चौघांनी आधी जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’साठी साथ केली, कीज आणि प्राइसही त्यात होते. नोव्हेंबरमध्ये आलेल्या या तिहेरी अल्बमची तिसरी तबकडी ‘अॅपल जॅम’ म्हणजे याच मंडळींचे मोकळे वादन आहे.

१४ जून १९७० रोजी लायसियममध्ये चौघे पहिल्यांदा ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ म्हणून वाजले. क्लॅप्टनला स्वतःचे नाव पुढे नको होते. त्यानंतरच्या ब्रिटन दौऱ्यात त्यांनी लहान क्लब निवडले आणि तिकीट एक पौंडापेक्षा जास्त ठेवायचे नाही, अशी अट घातली. ऑगस्टच्या अखेरीस ते मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत गेले. निर्माता टॉम डाउड ‘ऑलमन ब्रदर्स बँड’चेही काम पाहत होता. २६ ऑगस्टला ऑलमन ब्रदर्सचा मायामी बीचला कार्यक्रम होता. डाउड क्लॅप्टनला तिथे घेऊन गेला आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे स्टुडिओत येऊन उजाडेपर्यंत वाजवत बसले.

ड्वेन ऑलमन हा स्वतः अलाबामातल्या मसल शोल्समध्ये इतरांच्या गाण्यांना साथ करून तयार झालेला. डिलेनी-बॉनीसोबतही तो वाजवत असे. कोरिसिडिन या सर्दीच्या औषधाची काचेची रिकामी बाटली बोटात घालून तो स्लाइड वाजवी. डॉमिनोजच्या अल्बममध्ये तो पाहुणा म्हणून आला आणि बहुतेक गाण्यांत वाजवून गेला. ‘लेला’चा गाजलेला आरंभ, वरच्या पट्टीतली स्लाइड आणि दोन गिटारांची चढाओढ यांत त्याचा वाटा क्लॅप्टनइतकाच आहे.

‘लेला’च्या उत्तरार्धातली पियानोची धून जिम गॉर्डनने वाजवली आणि गाण्याचे लेखक म्हणून क्लॅप्टन व गॉर्डन ही दोन नावे छापली गेली. ती चाल गॉर्डन आणि आपण मिळून आधी बांधली होती, असे रिटा कूलिज सांगत आली आणि व्हिटलॉकने तिला दुजोरा दिला. १९७३ मध्ये कूलिजची बहीण प्रिसिला आणि ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स यांच्या अल्बममध्ये ‘टाइम’ नावाचे गाणे आले. त्यात हीच चाल आहे. कूलिजला श्रेय किंवा मानधन मिळाले नाही. फिरत्या ताफ्यात चाली अशाच, खोलीत बसल्या बसल्या तयार होत. त्या कोणाच्या, हे ध्वनिमुद्रण कोणाच्या नावाने झाले त्यावर ठरे.

नोव्हेंबर १९७० मध्ये आलेला ‘लेला अँड अदर असॉर्टेड लव्ह साँग्ज’ सुरुवातीला ब्रिटनच्या यादीतही शिरला नाही. १९७१ च्या वसंतात दुसऱ्या अल्बमचे काम अर्धवट टाकून डॉमिनोज फुटले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन ऑलमन गेला. तो २४ वर्षांचा होता. १९७२ मध्ये ‘लेला’ तबकडी म्हणून पुन्हा बाजारात आली, तेव्हा ती ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या दहांत पोहोचली.

१ ऑगस्ट १९७१

पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांसाठी काही करावे, अशी विनंती पंडित रविशंकर यांनी हॅरिसनला केली, तेव्हा तयारीला जेमतेम पाच-सहा आठवडे होते. हॅरिसनने फोन केले ते बहुतांशी या ताफ्यातल्या मंडळींना. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १ ऑगस्टला दोन खेळ झाले आणि मिळून सुमारे चाळीस हजार लोक आले. पूर्वार्धात रविशंकर, सरोदवादक अली अकबर खाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती आणि तबलावादक अल्लारखा. उत्तरार्धात लिऑन रसेल, जिम केल्टनर, कार्ल रेडल, डॉन प्रेस्टन, क्लॉडिया लेनिअर आणि क्लॅप्टन. वृंदाची जबाबदारी डिलेनी-बॉनीचा ‘होम’ अल्बम करणाऱ्या डॉन निक्सकडे. कोणीही मानधन घेतले नाही. तिकीटविक्रीतून २,४३,४१८ डॉलर युनिसेफकडे गेले. एवढ्या थोड्या मुदतीत असा मोठा संच उभा राहू शकला, कारण तो आधीच दोन वर्षे एकत्र फिरलेला होता.

व्यवस्था का टिकली नाही

या पद्धतीचा शेवट लवकर झाला, त्याची कारणे मुख्यतः हिशेबातली आहेत. दौऱ्याचे पैसे जाहिरातीवर ज्याचे नाव त्याच्याकडे जात. साथीदारांना आठवड्याचा ठरावीक पगार किंवा ध्वनिमुद्रणाच्या सत्राप्रमाणे पैसे मिळत. अल्बमच्या विक्रीतली रॉयल्टी सहसा मिळत नसे. गाण्याचे लेखक म्हणून नाव लागलेल्यालाच पुढची अनेक वर्षे उत्पन्न येई. वीस-पंचवीस जणांचा प्रवास आणि मुक्काम लहान सभागृहांच्या तिकिटांतून भागत नव्हता. आयोजक बिल ग्रॅहमने १९७१ च्या उन्हाळ्यात फिलमोर ईस्ट आणि फिलमोर वेस्ट ही दोन्ही सभागृहे बंद केली. पुढचे दौरे क्रीडागारांत आणि चार-पाच जणांच्या संचांनी केले. तिथे ऐनवेळी गिटार घेऊन चढणाऱ्या पाहुण्याला जागा उरली नाही.

मंडळी पांगली. १९७२ मध्ये डिलेनी आणि बॉनी यांची जोडी फुटली. कीज आणि प्राइस रोलिंग स्टोन्सच्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’मध्ये आणि दौऱ्यांत वाजवत होते, कीज मधला काही काळ वगळता २०१४ मध्ये मरण पावेपर्यंत स्टोन्सबरोबर राहिला. रेडल १९७४ मध्ये क्लॅप्टनकडे परतला आणि १९८० मध्ये ३७ व्या वर्षी वारला. बॉनी ब्रॅम्लेट आणि लिऑन रसेल यांच्या नावावर असलेले, रिटा कूलिजने मॅड डॉग्जच्या दौऱ्यात गायलेले ‘सुपरस्टार’ हे गाणे १९७१ मध्ये ‘कार्पेंटर्स’ने गायले आणि ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेले. क्लॉडिया लेनिअरसारख्या साथगायिकांची कहाणी ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ या २०१३ च्या ऑस्कर विजेत्या माहितीपटातून लोकांपुढे आली.

पतीपत्नीने चालवलेल्या, सॅक्सोफोन-ट्रम्पेट आणि साथगायकांसह बारा जणांच्या टेडेस्ची ट्रक्स बँडने सप्टेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियातल्या लॉकन महोत्सवात मॅड डॉग्जची गाणी पुन्हा सादर केली. लिऑन रसेल, रिटा कूलिज, क्लॉडिया लेनिअर आणि ख्रिस स्टेन्टन तेव्हा रंगमंचावर होते. कॉकर आदल्या डिसेंबरातच गेला होता आणि रसेल नोव्हेंबर २०१६ मध्ये गेला. १९७० च्या त्या दौऱ्यातले इतके साथीदार एकत्र वाजण्याची ती शेवटची वेळ ठरली.